गवाह, वकील आणि हमदर्द

दुसऱ्याच्या दुःखावर बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मराठी साहित्याला नवा नाही. दलित आत्मकथने आली तेव्हा यावर पुष्कळ वाद झाले. मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमात दिसणारा मुसलमान एकतर शेरवानीतला नवाब असायचा, नाहीतर सुरा घेतलेला गुंड. मोहल्ल्यात राहणारा, हप्त्यावर शिलाई मशीन घेणारा, मुलीच्या फीची चिंता करणारा मुसलमान कुठे दिसेना. म्हणून आपल्या माणसांनी लेखणी आपल्याच हाती घेतली. आमचे आम्ही सांगू, असे म्हटले. ते योग्यच झाले.

पण या म्हणण्याची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. प्रत्येकाने फक्त आपलेच दुःख बोलायचे ठरवले, तर ज्याचे तोंडच दाबून धरले आहे त्याचे काय? शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर ‘घर त्याचे आहे, ओरडण्याचा हक्क त्याचाच आहे’ असे म्हणून आपण गप्प बसायचे का? आणि ओरडायचे तर किती, कोणत्या शब्दांत, कोणाला विचारून?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला इंग्लंडमधील एका संगीतकाराची कहाणी फार उपयोगी वाटते. संगीत जायज की नाजायज, हा वाद आम्ही इथे काढत नाही. तो आलिमांचा प्रांत आहे. आमचा प्रश्न माणसाच्या नीयतीचा आणि त्याच्या जबाबदारीचा आहे.

त्याचे नाव ब्रिन जोन्स. जन्म १९६१ सालचा, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा. तो मुसलमान नव्हता, अरब नव्हता. १९८२ च्या सुमारास त्याने एकट्याने यंत्रांवर संगीत रचायला सुरुवात केली. त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायली फौजा लेबनॉनमध्ये घुसल्या, बैरूतला वेढा पडला आणि सप्टेंबरात सब्रा आणि शतिला या वस्त्यांमध्ये निर्वासितांची कत्तल झाली. ती कत्तल लेबनॉनमधील सशस्त्र टोळ्यांनी केली आणि इस्रायली सैन्य बाहेर उभे होते. या साऱ्या घटनांनी तो तरुण हादरला. १९८३ पासून त्याने ‘मुस्लिमगॉझ’ हे नाव घेतले आणि पुढची सोळा वर्षे, १४ जानेवारी १९९९ रोजी वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, त्याने जवळजवळ सगळे काम पॅलेस्टाइन आणि मुस्लिम जगातील संघर्षांच्या नावाने केले.

हे नाव म्हणजे एक शब्दखेळ आहे. ‘मसलिन’ म्हणजे मलमल आणि ‘गॉझ’ म्हणजे जखमेवर बांधायचे जाळीदार कापड. मसलिन हा शब्द इराकच्या मोसल शहरावरून आला, असे कोशकार सांगतात. गॉझ हा शब्द गाझा शहरावरून आला असावा, असाही एक अंदाज आहे. तो खरा असो वा नसो, जखमेवरच्या पट्टीला गाझाचे नाव असावे, ही गोष्ट आजच्या वाचकाच्या काळजाला चटका लावल्याशिवाय राहत नाही.

त्याच्या कामाची पद्धत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे मैफल म्हटली की चार माणसे आली. गायकाला तबलजी हवा, पेटीवाला हवा, कव्वालाला टाळी देणारे हमनवा हवेत. जोन्सला कोणी लागत नसे. हाताने वाजवायची तालवाद्ये, ताल देणारी यंत्रे, जुनी टेपयंत्रे, आणि कुठून कुठून जमवलेले अरबी, फारसी आवाजांचे तुकडे. हे सगळे तो एकटा जोडायचा. शब्द म्हणाल तर जवळजवळ नाहीतच. ताल गोल गोल फिरत राहतो, मध्येच कोणी दार आपटावे तसा तुटतो, पुन्हा सुरू होतो. तो आई-वडिलांच्या घरी राहत असे. आरंभी त्याने स्वतःच आपल्या तबकड्या काढल्या. पुढे ॲमस्टरडॅमची ‘स्टालप्लाट’, अमेरिकेतील ‘सोलेलमून’ आणि ऑस्ट्रेलियातील ‘एक्स्ट्रीम’ अशा लहान संस्था त्याच्या तबकड्या काढू लागल्या. बऱ्याच तबकड्यांच्या मोजक्याच प्रती निघत. हयातीत त्याच्या तबकड्यांची संख्या नव्वदच्या घरात गेली. प्रकाशकांना छापणे उरकत नसे, इतक्या वेगाने तो टेपा पाठवी. त्याच्या मृत्यूनंतरही वर्षानुवर्षे त्या टेपांमधून नव्या तबकड्या निघत राहिल्या.

यात पैसा नव्हता, मोठी प्रसिद्धी नव्हती. बाजारात चालेल ते करायचे असते तर ऐंशीच्या दशकातल्या मँचेस्टरमध्ये त्याला वाव कमी नव्हता. त्या शहरातून तेव्हा जगभर गाजलेले वाद्यवृंद निघाले. त्याने ती वाट धरली नाही. सोळा वर्षे एका विषयाशी इमान राखणे ही साधी गोष्ट नव्हे. आज एखाद्या अन्यायावर मोबाइलवर चित्र लावून चौथ्या दिवशी ते काढून टाकणारे आपण, या माणसाच्या चिकाटीपुढे थोडे ओशाळलेच पाहिजे.

आणि तरीही एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. हा माणूस पॅलेस्टाइनला कधीच गेला नाही. मध्यपूर्वेतल्या कोणत्याही देशात त्याने पाऊल ठेवले नाही. कब्जाखालच्या भूमीवर पाहुणा म्हणून जाणे बरोबर नाही, अशी त्याची भूमिका होती. तिच्यात तत्त्व आहे, हे मान्य. पण ज्यांच्यासाठी आयुष्य खर्ची घातले त्यांच्या अंगणात तो एकदाही बसला नाही, हेही तितकेच खरे आहे. मग तो त्यांचा कोण?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शब्दांचे अर्थ फोड करून सांगणे हे आमचे रोजचे काम. या प्रश्नासाठी आम्हांला तीन शब्द सुचतात: गवाह, वकील आणि हमदर्द. तिन्ही शब्द आपल्या बोलण्यात रोज येतात, पण त्यांच्यातला फरक आपण विसरतो.

गवाह म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो. अरबीत त्याला शाहिद म्हणतात, आणि शहीद हा शब्दही त्याच धातूपासून बनला आहे. म्हणजे साक्ष देणे आणि किंमत मोजणे या गोष्टी भाषेनेच जवळ आणून ठेवल्या आहेत. वकील म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याने आपले काम सोपवले तो. कोर्टात तो उभा राहतो तो वकीलपत्र घेऊन. अशिलाच्या सहीशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही. आणि हमदर्द? हा शब्द उच्चारला की आपल्याला आधी रूह अफजाची बाटली आठवते, पण अर्थ फार खोल आहे. हम म्हणजे सोबत, दर्द म्हणजे वेदना. ज्याला दुसऱ्याच्या वेदनेने वेदना होते तो. त्याला काही पाहिलेले असावे लागत नाही, कोणाची सही लागत नाही. म्हणून तीच जागा सर्वांत मोकळी आहे आणि तिथूनच घसरण्याची भीतीही सर्वांत जास्त.

गवाहाचे उदाहरण आपल्या उर्दूतच आहे. फैज अहमद फैज यांना पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या राजवटीत राहणे अवघड झाले, तेव्हा ते बैरूतला गेले. आफ्रो-आशियाई लेखकांच्या ‘लोटस’ या नियतकालिकाचे त्यांनी तिथून संपादन केले. १९८२ मध्ये त्या शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा ते तिथे होते. पॅलेस्टिनी बालकासाठी त्यांनी लिहिलेली अंगाई उर्दू वाचणाऱ्या घरांत माहीत आहे. फैज पॅलेस्टिनी नव्हते, पंजाबी होते. पण त्यांनी त्या लोकांबरोबर जेवण केले होते, त्यांच्या मैयतीत खांदा दिला असेल, त्यांच्या मुलांची नावे त्यांना माहीत असतील. एकच वर्ष, एकच युद्ध. एक जण त्या शहरात आणि दुसरा मँचेस्टरच्या एका खोलीत, वर्तमानपत्र आणि दूरदर्शनच्या पडद्यासमोर. दोघांच्या वेदनेची तुलना करू नये. ती अल्लाहच जाणे. पण दोघांच्या माहितीत फरक होता, आणि तो पुढे दिसला.

वकिलाचा प्रश्न एडवर्ड सईद यांनी मांडला. त्यांचा जन्म १९३५ चा, जेरुसलेमचा, ख्रिस्ती घराण्यातला. १९८४ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘सांगण्याची परवानगी’ असा होतो. लेबनॉनच्या युद्धात काय घडले याची माहिती जगाकडे होती, पण पॅलेस्टिनी माणसाने आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगावी, याला जगाची परवानगी नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. इथे जोन्सचा गुण आणि दोष एकदमच दिसतात. ज्या काळात इंग्लंडच्या संगीतात हा विषय काढायला कोणी सहसा तयार नव्हते, त्या काळात त्याने तो सोडला नाही. पण सांगणारा पुन्हा एक इंग्रजच होता. मूळ माणसाचा आवाज त्या टेपेवर आला तो तुकड्यातुकड्यांनी, नाव-गाव नसलेला, त्याला न विचारता घेतलेला.

न विचारता आवाज घेण्याचे काय होते, याचे एक उदाहरण त्याच सुमाराचे आहे. १९८१ मध्ये ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न या दोन नामवंत संगीतकारांनी एक तबकडी काढली. तिच्यातील एका रचनेत अल्जीरियन मुसलमानांच्या कुराणपठणाचे ध्वनिमुद्रण वापरले होते. ब्रिटनमधील एका इस्लामी संस्थेने हरकत घेतली आणि पुढच्या आवृत्त्यांतून ती रचना काढण्यात आली. त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्यासाठी तो आवाज इबादत आहे त्याला, आणि ज्याच्यासाठी तो फक्त एक सुंदर ध्वनी आहे त्याला, एकच गोष्ट वेगळी ऐकू येते. जोन्सने तर १९८६ च्या एका तबकडीला ‘हज’ असे नाव दिले आणि १९९५ च्या एका तबकडीच्या नावात सलामाच्या शेजारी इंग्रजी शिवी ठेवली. सलाम म्हणजे सलामतीची दुआ असते, हे ज्याच्या घरात रोज बोलले जाते तो माणूस ही जोडणी करणार नाही. केलीच तर तिची बोच त्याला कळेल.

आता सर्वांत कठीण गोष्टीकडे येऊ. १९८७ मध्ये जोन्सने एका तबकडीला ‘अबू निदाल’ हे नाव दिले. हा अबू निदाल कोण? फतह संघटनेतून फुटून निघालेला हा माणूस. खुद्द फतहनेच त्याला मृत्युदंड ठोठावला होता. डिसेंबर १९८५ मध्ये रोम आणि व्हिएन्नाच्या विमानतळांवर प्रवाशांवर गोळ्या झाडणारे लोक त्याच्या टोळीचे होते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले विमान कराचीला उतरल्यावर ताब्यात घेणारेही त्याच टोळीचे. त्या विमानात नीरजा भनोत या तरुण हवाईसेविकेने प्रवाशांना वाचवताना प्राण दिले. त्यात ठार झालेल्या प्रवाशांत आपल्या देशाची माणसे होती. आणि याहून कडू गोष्ट पुढे आहे. ३ जून १९८२ रोजी लंडनमध्ये इस्रायली राजदूतावर गोळीबार झाला. तो या टोळीनेच केला होता. त्याचेच निमित्त करून ६ जूनला इस्रायलने लेबनॉनवर चढाई केली. म्हणजे ज्या चढाईने जोन्सचे काळीज हलले, त्या चढाईला निमित्त पुरवणाऱ्याचे नाव त्याने पाच वर्षांनी आपल्या तबकडीवर घातले.

त्याने ते गौरवासाठी घातले की नुसते लोकांना दचकवण्यासाठी? शब्द नसलेल्या संगीतात याचे उत्तर मिळत नाही. तिथे नावच सगळे बोलते, आणि नावाची उलटतपासणी घेता येत नाही. बैरूतच्या छावणीत राहणाऱ्या कोणा पॅलेस्टिनी माणसाला त्याने विचारले असते, तर तो माणूस म्हणाला असता: बाबा, याने आमचीही माणसे मारली आहेत. पण विचारायला खोलीत कोणी नव्हते. एकट्याने काम करणाऱ्या कलावंताचे स्वातंत्र्य मोठे असते. त्याला मालक नसतो, गिऱ्हाईक नसते, कोणाची खुशामत करावी लागत नाही. पण ‘थांब, हे चुकते आहे’ असे म्हणणारा सोबतीही नसतो. साथीला तबलजी असेल तर गायक बेताल झाला की समजते. यंत्र ज्याच्या त्याच्या तालावर चालते.

याच्या उलट दुसरे नाव पाहा. २५ फेब्रुवारी १९९४. रमजानचा महिना, फजरची नमाज. हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत बारूक गोल्डस्टाइन नावाच्या माणसाने सज्द्यात असलेल्या नमाजींवर गोळ्या झाडल्या. २९ माणसे गेली. त्याच वर्षी जोन्सने त्या हत्याकांडाच्या नावानेच एक तबकडी काढली. मँचेस्टरमधल्या ज्या तरुणाने हेब्रॉनचे नावही ऐकले नसेल, त्याने दुकानात ती तबकडी हातात घेतली आणि त्याला विचारावे लागले, इथे काय घडले होते? इथे जोन्स कोणाचा वकील बनला नाही, त्याने कोणाच्या हातात बंदूक दिली नाही. एका जखमेचे नाव विसरू दिले नाही, एवढेच केले. हमदर्दाचे काम याहून वेगळे नसते. पण त्याच माणसाने १९९३ मध्ये ‘व्होट हिजबुल्लाह’ आणि ‘हमास आर्क’ ही नावेही वापरली होती. संघटना आणि लोक यांतला फरक त्याला दूर अंतरावरून पुसट दिसत असावा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या लोकांनी सामान्य नागरिकांना मारले आणि ओलीस नेले. त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझातील हजारो बायका-मुले ढिगाऱ्याखाली गेली. हे सर्व पाहिल्यावर ती जुनी नावे वाचताना मन आखडते. मजलूमाच्या बाजूने उभे राहणे म्हणजे त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक बंदुकीच्या बाजूने उभे राहणे नव्हे.

इथे आपल्यालाही आरसा पाहिला पाहिजे. जोन्स मुसलमान नव्हता म्हणून चुकला, आपण मुसलमान आहोत म्हणून आपले वकीलपत्र आपोआप तयार आहे, असे कोणी समजू नये. कलमा एक असल्याने भाऊबंदकी येते, प्रेम येते, दुआ येते. डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष येत नाही. पॅलेस्टिनींमध्ये ख्रिस्तीही आहेत. सईद यांच्यासारखा त्यांचा मोठा आवाज ख्रिस्ती घरातूनच आला. मालेगाव, मुंब्रा किंवा मिरजेत बसून गाझाबद्दल बोलणारे आपणही अखेर दूरचेच. आमच्या वर्गातली मुले आम्हांला विचारतात, सर, आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो? आम्ही त्यांना आधी नकाशा काढायला लावतो. रामल्ला कुठे, हेब्रॉन कुठे, हैफा कुठे. तिथल्या लेखकांची नावे पाठ करायला लावतो. घोषणा द्यायला वेळ लागत नाही. नकाशा काढायला एक तास लागतो. तो एक तास म्हणजे हमदर्दीचा पहिला हप्ता, असे आम्हांला वाटते.

आज परिस्थिती बदलली आहे. ज्या प्रकारचे संगीत जोन्स त्यांच्या नावाने करत होता, त्या प्रकारचे संगीत आता त्या भूमीतले तरुण स्वतः करतात. रामल्लात ‘मुकाता’ या नावाने काम करणारा एक संगीतकार आहे. जुन्या अरबी तबकड्यांचे तुकडे आणि आपल्या गावचे आवाज एकत्र करून तो एकट्यानेच रचना करतो. यंत्रे तीच, एकटेपणही तेच. पण तो आवाज ज्या गल्लीतून आला त्या गल्लीतून त्याला रोज जावे लागते. समा अब्दुलहादी ही रामल्लाची तरुणी आज जगभर कार्यक्रम करते. डिसेंबर २०२० मध्ये तिने नबी मूसा या स्थळी चित्रीकरणासाठी संगीत वाजवले. तिथे मशीदही आहे. लोक संतापले, पॅलेस्टिनी पोलिसांनीच तिला अटक केली आणि आठ दिवसांनी जामिनावर सोडले. तिने तिथे वाजवावे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. आमचा मुद्दा एवढाच, की घरातल्या माणसाने केलेल्या गोष्टीचा जाब घरातली माणसे विचारू शकतात. मँचेस्टरच्या खोलीत जाब विचारणारे कोणी पोहोचत नाही.

मग जोन्सचे सोळा वर्षांचे कष्ट फुकट गेले का? आम्हांला तसे वाटत नाही. घरातली माणसे बोलू लागेपर्यंत बाहेरच्या कोणीतरी दिवा विझू न देणे, हेही मोलाचे काम आहे. त्याचा स्वतःचा काही फायदा नव्हता. धर्माचे नाते नव्हते, रक्ताचे नव्हते. परक्यासाठी इतके झिजणारी माणसे कोणत्याही समाजात थोडीच असतात. त्याच्या चुकाही आपल्याला उपयोगाच्या आहेत, कारण त्या बेइमानीतून नव्हे, न विचारण्यातून झाल्या.

दुसऱ्याच्या दुःखावर बोलण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे आमचे उत्तर म्हणून असे आहे. गवाहाला आधी बोलू द्यावे. तो बोलत असेल तेव्हा आपण गप्प राहून ऐकावे, त्याची भाषा शिकावी, त्याचे शब्द आपल्या भाषेत नेमके उतरवावेत. वकील व्हायचे असेल तर वकीलपत्र मागावे. मिळाले नाही तर काळा कोट घालू नये. आणि हमदर्द होण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, पण एक अट आहे. ज्याच्यासाठी आपले काळीज तुटते, त्याला वर्षातून एकदा तरी विचारावे: भाई, आम्ही जे बोलतो ते तुझ्या कामाचे आहे का? तो ‘नाही’ म्हणाला, तर ते ‘नाही’ सोसण्याची ताकद ज्याच्यात असेल, तोच खरा हमदर्द.